आगोटीच्या आधी: कोकणातील बालगृह आणि गावाची वर्गणी

[दृश्य: मे महिन्याची अखेर. किनाऱ्याजवळच्या वाडीतील कौलारू इमारत. छपरावर चढलेले गडी फुटकी कौले बदलत आहेत. ओटीवर धान्याची पोती उतरत आहेत.]

निवेदन:

मे महिना सरत आला की कोकणात घरोघरी आगोटीची घाई सुरू होते. तांदूळ, डाळी, मीठ, आमसुले, सुकी मासळी, पापड आणि जळण असा पावसाळ्याचा सारा साठा पहिली सर कोसळण्याच्या आत घरात यावा लागतो, छप्पर शाकारून घ्यावे लागते आणि वाऱ्यापावसाचा मारा बसणारी बाजू झापांनी किंवा ताडपत्रीने झाकावी लागते. बालगृहालाही हीच तयारी करावी लागते. फरक इतकाच की तेथे खाणारी तोंडे पुष्कळ असतात आणि कमावते माणूस कोणीच नसते. ही बेगमी कोणाच्या पैशातून होते, आणि तो पैसा वेळेवर का येत नाही, हे सांगण्यासाठी ही चित्रफीत आहे.

या चित्रफितीत बालगृहाचे नाव ऐकू येणार नाही आणि एकाही मुलाचा चेहरा दिसणार नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 याच्या कलम 74 नुसार बालगृहातील बालकाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, आणि तिचा भंग करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, दोन लाख रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वाढदिवसाच्या दिवशी बालगृहात जेवण देऊन मुलांसोबत काढलेले छायाचित्र समाजमाध्यमावर टाकणाऱ्या अनेक सज्जनांना याची कल्पना नसते. आम्हाला हा नियम कायद्याच्या धाकावाचूनही पटतो. ज्या मुलीला उद्या याच तालुक्यात शिकायचे आहे, नोकरी करायची आहे आणि संसार थाटायचा आहे, तिचे लहानपण कोणाच्या दातृत्वाचा पुरावा म्हणून गावभर फिरू नये.

[दृश्य: बंदरावर नांगरलेल्या नौका. मागे आंब्याची बाग. रेल्वे स्थानकाचा रिकामा फलाट.]

या घरातील मुलांच्या कहाण्या कोकणच्या कष्टाच्या नकाशावरच सापडतात. एखाद्याचे वडील समुद्रात गेले ते परतले नाहीत आणि आईला मासळीच्या कामावर पहाटेपासून रात्रीपर्यंत राहावे लागते. एखादे कुटुंब चिरेखाणीवर राबण्यासाठी घाटावरून किंवा कर्नाटकातून आलेले असते, तर एखादे आंब्याच्या बागा राखण्यासाठी थेट नेपाळातून. अशा बिऱ्हाडात आजारपण किंवा मृत्यू शिरला की मुलांना सांभाळायला जवळपास नात्याचे माणूसच नसते. कोकण रेल्वेच्या स्थानकांवर एकटी भटकताना आढळलेली मुलेही येथे येतात. बालगृहातील पुष्कळ मुलांची आई किंवा वडील हयात असतात, ही गोष्ट देणगी देणाऱ्यांनी आधी समजून घ्यावी, कारण मदत कशी द्यावी हे त्यावरूनच ठरते.

कोणतेही मूल बालगृह आपल्या मर्जीने ठेवून घेऊ शकत नाही. सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि अध्यक्ष व चार सदस्य असलेली ही समिती चौकशी करून मुलाला कोठे ठेवायचे याचा आदेश देते. बालगृहाची नोंदणी कलम 41 खाली बंधनकारक आहे. म्हणून देणगी देण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच मानू नये. चांगली संस्था ते स्वतःहून पुढे करते.

[दृश्य: स्वयंपाकघर. मोठ्या पातेल्यात पेज शिजते आहे. भिंतीवर टांगलेला महिन्याचा खर्चाचा तक्ता.]

बालगृह म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे जेवण, कपडे आणि वह्या येतात. या वस्तू लागतातच, पण घर चालते ते माणसांवर. रात्री तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसणारी काळजीवाहक बाई, पहाटे उठून डबे भरणारी स्वयंपाकीण, पहिले काही महिने एक शब्दही न बोलणाऱ्या मुलापाशी धीराने बसणारी समुपदेशक, या सगळ्यांचा पगार महिनाअखेरीस द्यावाच लागतो. शासनाचे अनुदान मिळणाऱ्या संस्था आहेत, न मिळणाऱ्याही आहेत, आणि जेथे ते मिळते तेथेही ठरल्या तारखेला हाती येईलच असे नसते. वीजबिल, औषधे, विहिरीच्या पंपाची दुरुस्ती यांना मात्र तारीख पाळावी लागते. पगारासाठी म्हणून कोणी देणगी देत नाही. तांदळाचे पोते देणाऱ्याला आपले दान डोळ्यांनी दिसते. काळजीवाहक बाई वर्षानुवर्षे टिकून राहिली, मुलांना दर सहा महिन्यांनी नव्या माणसाशी ओळख करावी लागली नाही, हे दान दिसत नाही. आमच्या मते मुलांच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे आहे.

दुसरी अडचण वेळेची आहे, आणि ती कोकणात विशेष तीव्रतेने जाणवते. या किनाऱ्यावर पैसा ऋतूप्रमाणे येतो. आंबा बागायतदाराच्या हाती तो एप्रिल-मे महिन्यांत खेळतो. मच्छीमाराचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, कारण 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मुंबईचा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो आणि त्याच्याबरोबर वर्गणीही येते. साहजिकच बालगृहाकडे येणारी मदतही भाद्रपदात आणि फाल्गुनात दाटते. खर्चाचा डोंगर मात्र जूनमध्ये उभा राहतो. आगोटीचा साठा, छपराची डागडुजी, शाळा उघडताना लागणारी दप्तरे, छत्र्या, रेनकोट आणि पावसाळी चपला, शिवाय पहिल्या पावसाबरोबर येणारे ताप व खोकले हे सगळे एकाच महिन्यात येते. त्याच महिन्यात बंदरे बंद असतात, बाग रिकामी झालेली असते, शेतकऱ्याचे पैसे लावणीत अडकलेले असतात आणि चाकरमानी मुंबईला परतलेला असतो.

म्हणूनच वर्षातून एकदा दिलेल्या पाच हजारांपेक्षा महिन्याला दिलेले चारशे रुपये बालगृहाला अधिक उपयोगी पडतात, जरी बेरीज थोडी कमी भरली तरी. महिन्याला इतकी रक्कम नक्की येणार हे ठाऊक असले की अधीक्षकांना किराणा दुकानदाराकडे उधारी करावी लागत नाही आणि तांदूळ हंगामात, स्वस्त असताना भरून ठेवता येतो.

वाढदिवस, पुण्यतिथी किंवा श्राद्धानिमित्त जेवण देण्याची रीत चांगल्या मनातून आलेली आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरीही त्या दिवसाकडे मुलांच्या बाजूने पाहायला हवे. सणासुदीच्या आठवड्यात लागोपाठ तीन दिवस श्रीखंड-पुरी आणि पुढे महिनाभर कोणीच नाही, अशी स्थिती होते. पाहुणे येणार म्हणून अभ्यास सोडून रांगेत बसावे लागते, गाणे म्हणून दाखवावे लागते, आभार मानावे लागतात. ज्यांना काही द्यायचे आहे त्यांनी आधी दूरध्वनी करून काय हवे ते विचारावे, पैसे संस्थेच्या खात्यात भरावेत, आणि मुलांना भेटायची ओढ असेल तर वर्षभर दर आठवड्याला एक तास गणित शिकवायला यावे. तशी माणसे या घराला फार कमी मिळतात.

[दृश्य: दापोली तालुक्यातील मुरूडचा किनारा, नारळ-पोफळीच्या बागा.]

वर्गणीची विद्या कोकणाला नवी नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे याच मुरूडचे. नोकरीधंद्यासाठी परगावी गेलेल्या मुरूडकरांना गावाच्या कामाशी बांधून ठेवण्यासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ उभारला होता. पुढे 1896 मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असतानाच दारोदार फिरून त्यासाठी निधी जमवला. 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ स्थापून ते पुन्हा वर्गणी मागत फिरले. प्रत्येकाकडून एक पैसा घेऊन मोठे काम उभे करण्याची ‘पैसा फंडा’ची कल्पनाही कर्व्यांच्याच काळातली, संगमेश्वरच्या शाळेच्या नावात हे शब्द आजही आहेत. या साऱ्या उद्योगांचा भर एका मोठ्या दात्यापेक्षा पुष्कळ लहान दात्यांवर होता, आणि मागणारा माणूस पुन्हा पुन्हा त्याच दारी जात असे.

आज प्रत्येक वाडीची गावकी आहे आणि बहुतेक गावांचे मुंबईत मंडळ आहे. पालखीचा खर्च, देवळाचा जीर्णोद्धार, सभामंडपाची फरशी यांसाठी घरटी वर्गणी ठरते, ती वहीत मांडली जाते, आणि न देणाऱ्याला सभेत विचारले जाते. इतकी कसलेली व्यवस्था हाताशी असताना बालगृहासाठी वेगळी मोहीम उभारण्याचे कारण नाही. वार्षिक सभेत एक ठराव करून घरटी वर्गणीत एक लहान रक्कम तालुक्यातील बालगृहासाठी वाढवता येईल आणि ती 15 मेच्या आत पोहोचवता येईल. शाकारणीसाठी गावातील चार जाणते गडी दोन दिवस पाठवणे हीसुद्धा वर्गणीच आहे, आणि माहेरवाशिणी व लेकी-सुना यांच्या बचत गटांनी पापड, लोणची, कुळथाचे पीठ यांचा वाटा ठरवून दिला तर आगोटीचा निम्मा भार हलका होईल.

गावाबाहेरच्या दात्यांची गरज का पडते, हे 3 जून 2020 रोजी कळून चुकले. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवी रोपे लावली तरी उत्पन्न सुरू व्हायला कित्येक वर्षे लागतात. जे बागायतदार एरवी हात सैल सोडत, त्यांच्याच घरावरचे पत्रे उडाले होते. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला खरवडून गेले आणि 22 जुलै 2021 रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. अशा काळात मदतीचा लोंढा येतो, पण तो कपडे, चादरी आणि तयार अन्नाचा असतो, आणि काही आठवड्यांत ओसरतो. स्थानिक दात्यांची विस्कटलेली घडी सावरेपर्यंतची दोन-तीन वर्षे बालगृहाने कशी काढावी, हा विचार करूनच राखीव निधी उभारावा लागतो. किमान सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत असावी, असे आमचे मत आहे. संस्थेकडे शिल्लक दिसली की देणगीदार मागे सरतात. त्यांनी तसे करू नये. मुले असलेल्या घरात शिल्लक असणे हे शहाणपणाचे लक्षण आहे.

हिशेबाबद्दल थोडे. सार्वजनिक न्यासाला दरवर्षी लेखापरीक्षण करून घेऊन हिशेब धर्मादाय कार्यालयाला सादर करावे लागतात. प्रत्येक देणगीची पावती घ्यावी. आयकरात सवलत हवी असेल तर हे ध्यानात ठेवावे की 2,000 रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला आणि वस्तुरूप देणगीला ती मिळत नाही, म्हणून रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी.

[दृश्य: एसटीच्या थांब्यावर नातवाची वाट पाहणारी आजी, पाठमोरी.]

बालगृहाला मदत करणाऱ्यांनी बालगृहापलीकडेही पाहायला हवे. कायद्याच्या मूलतत्त्वांमध्येच सांगितले आहे की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. आजी, मामा किंवा मावशी सांभाळायला तयार असेल, पण ऐपत नसेल, तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिना 2,250 रुपये मिळू शकतात आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यखालील प्रायोजकत्वातून पात्र मुलास महिना 4,000 रुपये. अडते ते कागदांवर आणि प्रवासावर. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका गोळा करायची आणि मंडणगडच्या टोकावरून शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापून रत्नागिरी गाठायची, हे रोजंदारीवरच्या बाईला परवडत नाही. तिचे अर्ज भरून देणारा एखादा निवृत्त शिक्षक किंवा तलाठी, आणि तिच्या फेऱ्यांचे भाडे व बुडालेली मजुरी भरून देणारा गावाचा निधी, एवढ्यावर एखादे मूल घरी परतू शकते. मूल बालगृहातच असेल तेव्हाही नातेवाइकांच्या भेटीसाठी दिलेले एसटीचे भाडे ही मोठी देणगी आहे.

आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर काय, हा प्रश्न प्रत्येक मुलापुढे वर्षभर आधीपासून उभा असतो. कलम 46 मध्ये अशा मुलांना आर्थिक साह्य देण्याची तरतूद आहे, आणि महाराष्ट्राने 2018 मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण ठेवले आहे. पण आई किंवा वडील हयात असलेल्या मुलाला बहुधा त्या आरक्षणाचा उपयोग होत नाही. त्याला लागते ती औद्योगिक प्रशिक्षण संस्थेजवळची एक खोली, तिच्या अनामत रकमेची सोय, पहिल्या पगारापर्यंत खानावळीचे पैसे आणि घरमालकाला “या मुलाला मी ओळखतो” असे सांगणारे एक वडीलधारे माणूस. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली येथे ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे किंवा ज्यांच्या गॅरेजमध्ये, छापखान्यात, दुकानात शिकाऊ उमेदवार घेता येईल, त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी किंवा जवळच्या बालगृहाच्या अधीक्षकांशी बोलावे. एकटे किंवा संकटात सापडलेले मूल दिसले तर 1098 या क्रमांकावर कळवावे. हा दूरध्वनी दिवसरात्र चालू असतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.