थेटरातले पॉपकॉर्न, घरच्या पातेल्यात

(दृश्य: गॅसवर जाड बुडाचं पातेलं. वितळलेल्या तेलात मक्याचे तीन दाणे.)

तीनच दाणे टाकलेत. तेल तापतंय, आणि आपण वाट बघतोय.

(एक दाणा फुटतो. थोड्या वेळाने दुसरा. लगेच तिसरा.)

झालं. तेल तयार आहे. आता गॅस बंद करायचा, उरलेले सगळे दाणे पातेल्यात टाकायचे आणि मनातल्या मनात तीस आकडे मोजायचे.

हे तीस आकडे मोजून होईपर्यंत जरा वासाबद्दल बोलू. मध्यंतर झालं की काउंटर दिसायच्या आधी जो वास येतो, तो. रसायनशास्त्रात त्यामागच्या मुख्य द्रव्याचं नाव आहे 2-ॲसिटिल-1-पायरोलीन. नाव विसरलात तरी चालेल. आंबेमोहराचा भात रटरटायला लागला की घरभर जो वास सुटतो, तोही याच द्रव्याचा. मराठी नाकाला हा वास मल्टिप्लेक्सच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

लाह्याही ठाऊक आहेत. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या लागतात, आणि भडभुंजा त्या तापलेल्या वाळूत फोडतो. तत्त्व तेच. मक्याच्या दाण्यात साधारण चौदा टक्के पाणी असतं आणि बाहेर काचेसारखं घट्ट टरफल. दाणा तापतो, पण आतल्या वाफेला बाहेर पडायला वाट नाही. पिठूळ गर खळीसारखा मऊ होतो, दाब वातावरणाच्या नऊ-दहा पट चढतो, आणि 180 अंश सेल्सिअसच्या आसपास टरफल हार मानतं. गर फेसासारखा फुलतो आणि हवा लागताच थिजतो. सगळा खेळ डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो.

टरफलाला चीर असेल किंवा दाणा जुना होऊन वाळला असेल, तर दाब चढतच नाही. तो तळाशी गणंग म्हणून राहतो. म्हणून मक्याचे दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचे. वाळलेच असतील, तर बरणीत चमचाभर पाणी शिंपडून, हलवून, दोन-तीन दिवस ठेवून बघा. बरेच दाणे पुन्हा माणसात येतात.

(दृश्य: गॅस पुन्हा पेटतो. झाकण किंचित कलतं ठेवलेलं.)

तीस झाले. गॅस मोठा.

भडभुंज्याची लाही आणि थेटरातले पॉपकॉर्न यांच्यात एक फरक आहे. लाही कोरडी फुटते, मीठ-मसाला नंतर लागतो. अमेरिकेतही आधी तसंच चाले. जाळीच्या टोपलीत दाणे घालून विस्तवावर धरायचे आणि फुटल्यावर वरून लोणी ओतायचं. शिकागोत चार्ल्स क्रेटर्स नावाचा मिठाईवाला होता. शेंगदाणे भाजायचं यंत्र त्याच्या मनासारखं चालेना, म्हणून 1885 च्या सुमारास त्याने वाफेवर चालणारं स्वतःचं यंत्र बांधायला घेतलं. पुढे मक्याचे दाणे त्याने स्निग्धातच फोडले. कढवलेलं लोणी, डुकराची चरबी आणि मीठ, सगळं दाण्यांबरोबर एकाच भांड्यात. 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याची गाडी उभी होती. प्रत्येक लाही फुटतानाच खारट आणि खमंग होऊन बाहेर पडत होती.

थेटरातल्या चवीचं मूळ इथे आहे. वरून ओतलेली चव लाहीच्या पाठीवर बसते. भांड्यातली चव तिच्या घडीघडीत शिरते.

(आवाज: ताडताड, ताडताड.)

गंमत म्हणजे थेटरांना हा पदार्थ दारात नको होता. भारी गालिचे, मूकपट, आणि त्यात कुरुमकुरुम? 1927 मध्ये बोलपट आले, कुरुमकुरुम झाकली गेली. मग मंदी आली, आणि पाच-दहा सेंटच्या पुड्यावर अनेक थेटरं तगली.

आता तेल. घरी केलेल्या पॉपकॉर्नला ती चव का येत नाही, याचं निम्मं उत्तर तेलात आहे. थेटरातलं पारंपरिक तेल म्हणजे खोबरेल. हो, खोबरेलच. घाटावर हे सांगितलं की लोकांचा हात आधी डोक्याकडे जातो, कोकणात आणि गोव्यात कुणाला नवल वाटत नाही. थंडीत बाटलीत गोठणारं खोबरेल आठवा. साधारण 24 अंशांच्या खाली ते घट्ट होतं, आणि नेमका हाच गुण इथे कामाला येतो. लाही निवली की एसीच्या गारव्यात तेलाचा पातळ थर तिच्यावर बसतो आणि लाही कुरकुरीत राहते. शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलात केलेली लाही बोटांना ओशट लागते. फक्त खोबरेल खाण्याचं आणि रिफाइंड घ्या. घाणीचं लवकर धुरावतं आणि सगळ्या लाहीला खोबऱ्याचा वास लावतं.

तब्येतीच्या दृष्टीने हे तेल साधं नाही, हेही सांगायला हवं. 1994 मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकहिताच्या एका संस्थेने हिशेब मांडला. थेटरातल्या लोणी घातलेल्या मध्यम पुड्यात सकाळचं बेकन-अंडी, दुपारचं बर्गर-फ्राइज आणि रात्रीचं स्टेकचं जेवण, या तिन्हींत मिळून असते त्याहून जास्त संपृक्त, म्हणजे रक्तवाहिन्या तुंबवणारी, चरबी निघाली. अनेक थेटरांनी तेल बदललं. चव गेली, तशी काही थेटरं खोबरेलाकडे परतही आली. माझं मत विचाराल तर महिन्यातून एकदा खा, पण खोबरेलातलेच खा.

मीठ. डब्यातलं रोजचं मीठ इथे जाड पडतं, लाहीवरून घरंगळून तळाशी जातं. अमेरिकी थेटरांत फ्लेव्हाकॉल नावाचं पिवळंजर्द, पिठासारखं बारीक मीठ वापरतात, आणि तेही तेलातच, दाण्यांबरोबर. आपण साधं मीठ मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवायचं. अर्धी वाटी दाणे, दोन मोठे चमचे तेल, अर्धा छोटा चमचा मीठ. रंगासाठी तेलात चिमूटभर हळद. चिमूट म्हणजे खरंच चिमूट, नाहीतर पिठलं-भाताचा वास येईल.

(दृश्य: कलत्या झाकणाच्या फटीतून वाफ निघते.)

आणि ही फट विसरू नका. प्रत्येक लाही फुटताना वाफ सोडते. आपल्याकडे कुकरमध्ये पॉपकॉर्न करतात, झाकण घट्ट बसलं की तीच वाफ लाहीवर परत पडते आणि चामट करते. दोन फुटण्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर पडू लागलं की लगेच पसरट परातीत ओता.

लोणी हवंच असेल, तर लोणी नको. लोण्यात सोळा-सतरा टक्के पाणी असतं, त्याने लाही आकसते. मी हे करून, फजिती होऊन शिकलोय. सगळा डबा ओल्या कापसासारखा झाला होता. आपल्या फडताळात त्यावर उपाय आधीच आहे, साजूक तूप. पाणी उडून गेलेलं लोणीच ते. दोन चमचे पातळ करून परातीवर शिंपडायचं आणि हलक्या हाताने खालीवर करायचं.

(दृश्य: कागदी पुडा. पुड्यात पॉपकॉर्न पडण्याचा आवाज.)

हा पुडा पिशवीत लपवून थेटरात न्यायचा बेत असेल, तर थांबा. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की बाहेरचे खाद्यपदार्थ आणायला मनाई करण्याचा हक्क थेटरमालकाला आहे. तेव्हा घरचाच पडदा लावा, दिवे मालवा. आणि शेवटच्या मुठी जरा जपून, तळाशी गणंग असतात.