वाढदिवसाला फेर धरू या

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांचा वाढदिवस घरीच करायचा आणि यंदा नाचाचा करायचा, असं ज्या घरांत ठरतंय, त्या घरांतल्या आईबाबांशी आणि आजी-आजोबांशी आज थोडं बोलायचं आहे. फुगे, चमकी, रंगीत दिवे यांची खरेदी तुम्ही करालच. त्याआधी एक गोष्ट ठरवा. मुलं नाचणार ती कोणासाठी?

बहुतेक घरांत काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मोठी माणसं सोफ्यावर बसतात, मोबाइल वर होतात आणि कुणीतरी म्हणतं, "गॅदरिंगमधला डान्स करून दाखव ना." क्लासला जाणारी एखादी मुलगी छान नाचते, टाळ्या घेते. बाकीची मुलं भिंतीला टेकून उभी. त्यात 'उत्कृष्ट नर्तक' असं बक्षीस ठेवलं असेल, तर एकाचा आनंद आणि सात जणांचे पडलेले चेहरे. माझं म्हणणं स्पष्ट आहे. वाढदिवसाच्या घरात स्टेज नको, नंबर नको. फेर धरा. फेरात पहिली रांग नसते आणि शेवटचीही नसते. ज्याचं पाऊल चुकलं, त्याचा हात दोन्ही बाजूंनी कुणीतरी धरलेला असतो.

आणि फेराचे नाच आपल्याकडे किती आहेत! फुगडी, झिम्मा, टिपऱ्या, भोंडला, कोळीनृत्य, लेझीम. घरातल्या आजीला यातले निम्मे तरी येत असतात, म्हणून तिला त्या दिवशी स्वयंपाकघरात अडकवून ठेवू नका. शिकवायला तीच हवी.

फुगडीपासून सुरुवात करा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, पायांचे चवडे जुळवायचे, हातांची अढी घालून एकमेकांचे हात घट्ट धरायचे, मागे रेलायचं आणि गिरकी घ्यायची. जोडी मात्र सारख्या उंचीची आणि वजनाची लावा. हात घामेजले असतील तर आधी पुसायला लावा. पायात मोजे नकोत, गुळगुळीत फरशीवर मोजे फार घसरतात, अनवाणीच बरं. फुगडी मुलींची, असं एखादा मुलगा म्हणालाच, तर त्याला पंढरीच्या वारीबद्दल सांगा. तिथे मिशीवाले, फेटेवाले वारकरी बाप्ये रिंगणात फुगड्या घालतात, आणि काय दणक्यात घालतात!

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या खेळाकडे येते, तो म्हणजे गोफ. तो घरात होणारच नाही असं लोकांना वाटतं. पण बऱ्याच घरांत छताला झोपाळ्याची किंवा पाळण्याची भक्कम कडी असते. त्या कडीला साटीनच्या सहा रंगांच्या सहा पट्ट्या बांधा, प्रत्येक दहा-बारा फुटांची. सहा मुलं गोलात उभी करा, प्रत्येकाच्या हातात एका पट्टीचं टोक. एकाआड एक मुलाचं तोंड उजवीकडे, मधल्यांचं डावीकडे. आता चालायला लागायचं. समोरून येणाऱ्या पहिल्याला उजवीकडच्यांनी बाहेरून ओलांडायचं, पुढच्याला आतून, मग पुन्हा बाहेरून, अशी नागमोडी चाल. बाहेरून जाणाऱ्याने पट्टी उंच धरायची आणि आतून जाणाऱ्याने तिच्याखालून वाकून निघायचं. बघता बघता डोक्यावर रंगीत वेणी विणली जाते. मग "फिरा!" म्हणायचं. सगळ्यांनी तोंडं वळवून त्याच वाटेने उलटं चालायचं, की वेणी उलगडत जाते. एखाद्याने चुकीच्या बाजूने ओलांडलं तर गाठ बसते आणि सगळी थांबून ती सोडवतात. त्या गाठीवर रागावू नका. कोण कुणाच्या खालून गेलं याचा शोध घेताना मुलं जेवढी हसतात, तेवढी दुसऱ्या कशात हसत नाहीत. फक्त दोन गोष्टी पाळा. गोफ चालू असताना जवळचा पंखा बंदच असू द्या, आणि मुलांची संख्या सम ठेवा.

विषम झाली तर? मग एकाच्या हाती झांजा द्या. खरं तर संख्या सम असली तरी झांजा, डफ, छोटा ढोल असं काहीतरी घरात असू द्याच. प्रत्येक वाढदिवसाला एक मूल असं येतंच, जे आईचा पदर सोडत नाही. त्याला "नाच ना, नाच ना" असा आग्रह करू नका. ताल धरण्याचं काम द्या. त्याने झांज वाजवली की फेर चालणार, तो थांबला की सगळ्यांनी पुतळा व्हायचं. एवढा मोठा अधिकार हातात आल्यावर ते मूल थोड्या वेळाने आपणहून फेरात येतं, आणि नाही आलं तरी त्याचा वाढदिवस छानच गेलेला असतो. चालता न येणारं एखादं मूल असेल तर टिपऱ्यांचा डाव सगळ्यांनी मांडी घालून बसून खेळा. एक टाळी आपल्या टिपऱ्यांची, एक समोरच्याच्या टिपरीवर. मजा तसूभरही कमी होत नाही.

लेझीम मात्र हॉलमध्ये नको. तिची साखळी आणि चकत्या शेजारच्याच्या कपाळाला लागायला वेळ लागत नाही. गच्ची असेल, सोसायटीचं आवार मोकळं मिळत असेल, तर तिथे जरूर खेळा.

गाण्यांचं म्हणाल, तर मुलांची आवडती सिनेमाची गाणीही लावा, त्यात काही कमीपणा नाही. कोळीगीतावर वल्हं मारून झालं की त्यांच्या पसंतीचं एक, असं आलटून पालटून चालू द्या. आवाज किती? निवासी भागासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल आहे. म्हणजे जवळपास साध्या बोलण्याएवढाच आवाज. तेव्हा स्पीकर खिडकीकडे तोंड करून ठेवू नका, आणि खालच्या मजल्यावर आदल्या दिवशी सांगून या. नाचणाऱ्या पायांची धडधड त्यांच्याच डोक्यावर होणार असते. त्यांच्या घरी मूल असेल तर त्यालाही बोलावून टाका.

औक्षण आणि केक नाचाच्या आधी उरकायचे की नंतर, यावर घरोघरी वाद होतात. मी म्हणेन, औक्षण आधी, केक नंतर. भरल्या पोटी गिरकी घेतली की मुलांना मळमळतं. मधे मधे लिंबू सरबत किंवा कोकम सरबत देत राहा, मुलं फार घामाघूम होतात.

आणि मुलं दमली की भोंडल्यातली खिरापत आणा. भोंडला नवरात्रातला, हत्तीच्या चित्राभोवती फेर धरण्याचा, पण खिरापत ओळखायला नवरात्र कशाला हवं? खाऊचा बंद डबा घेऊन वाढदिवसाच्या मुलाने मधे बसायचं आणि डबा हलवून दाखवायचा. खुळखुळला की सगळे कान टवकारतात. गोड आहे का? तिखट? फरसाण? चिरमुरे? हो आणि नाही एवढंच सांगायचं. श्वास खाली बसेपर्यंत हा खेळ पुरतो आणि ओळखलेली खिरापत लगेच पोटात जाते. डब्यात शंकरपाळे ठेवा, चिवडा ठेवा, पण एक डबा अजिबात न वाजणाऱ्या पदार्थाचा असू द्या, शिरा किंवा दहीभात. तिथे मुलं हटकून अडतात.

आमंत्रण देताना यायची वेळ सांगता, तशी न्यायला यायची वेळही सांगा, आणि पालकांना ती अर्धा तास अलीकडची सांगा. म्हणजे शेवटच्या फेरात त्यांनाही ओढता येईल.

नमस्कार.