छिंगपूचं गणित

चीनमधल्या शिक्षकांबद्दल बोला म्हटलं की लोकांना ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतला शांघायचा पहिला नंबर ऐकायचा असतो. २००९ ला पहिला, २०१२ ला पुन्हा पहिला. तो आज बाजूला ठेवू. शांघाय म्हणजे अख्खा चीन नव्हे, आणि मला जिथून सुरुवात करायची आहे तिथे तर नापासांचाच सुकाळ होता.

शांघायच्या पश्चिमेला छिंगपू नावाचा भाग आहे, तेव्हा ग्रामीण. सांस्कृतिक क्रांतीची दहा वर्षं नुकतीच संपलेली. १९७७ साली तिथे शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांची गणिताची सामाईक परीक्षा झाली. उत्तीर्ण किती? २.८ टक्के. अशा वेळी आपण काय करतो? प्रशिक्षण लावतो. हजेरीपत्रक, चहा, भाषण, प्रमाणपत्र. तिथल्या कू लिंगयुआन या गणिताच्या शिक्षकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसं केलं नाही. ते आधी तीन वर्षं शाळाशाळांतून वर्ग पाहत हिंडले. कोण काय करतो आणि त्यातून मुलांना काय येतं, याची नोंद घेत राहिले. चांगल्या वाटलेल्या पद्धती पुन्हा वर्गात वापरून, गाळून घेण्यात आणखी एक वर्ष गेलं. मग तीन वर्षं प्रयोग, आणि त्यानंतर प्रसार. १९८६ मध्ये उत्तीर्णांचं प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं.

त्या गाळणीत काय उरलं, ते एका उदाहरणाने सांगतो. त्रिकोणाचा शिरोलंब. फळ्यावर पाया आडवा, लंब उभा, व्याख्या पाठ. आता तोच त्रिकोण तिरका काढा. अर्धी मुलं तरीही लंब वरून खालीच सोडतात, कारण त्यांनी ‘लंब’ नव्हे, ‘उभी रेघ’ शिकलेली असते. काटकोन त्रिकोणात बाजूच शिरोलंब होते, विशालकोनात तो आकृतीच्या बाहेर पडतो. कोणत्या आकृत्या, कोणत्या क्रमाने, हा खरा पाठ. आणि हे एकट्या शिक्षकाला एका रात्रीत सुचत नाही.

म्हणून कू सरांनी पुढे शिक्षकांसाठी मांडलेली पद्धत सोपी दिसते, पण घाम काढते. शिक्षक आधी आपल्या नेहमीच्या रीतीने पाठ घेतो, सहकारी मागे बसून बघतात. मग चर्चा होते: दुसरे काय करतात आणि मी काय करतो, यात अंतर कुठे? पाठ नव्याने रचून पुन्हा घ्यायचा. पुन्हा चर्चा, पण या वेळी प्रश्न वेगळा: आपण योजलं ते आणि मुलांच्या हाती लागलं ते, यात अंतर किती? मग तिसऱ्यांदा वर्ग.

हे शक्य होतं कारण खालची चौकट आधीच होती. प्रत्येक माध्यमिक शाळेत विषयवार शिक्षकांचा अभ्यासगट हवा, हा नियम १९५२ चा, सोव्हिएत वळणाचा. वर जिल्हा, शहर आणि प्रांताच्या पातळीवर विषयाचे मार्गदर्शक. शिवाय वेळ. ‘टालिस’ या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीच्या २०१३ च्या फेरीत शांघायचा शिक्षक आठवड्याला सुमारे १४ तास शिकवत होता; त्याच पाहणीतली आंतरराष्ट्रीय सरासरी १९ होती. उरलेला वेळ पाठाची तयारी, वह्या आणि एकमेकांचे वर्ग पाहण्याला. हा वेळ मोठ्या वर्गांच्या बदल्यात मिळतो, हेही सांगायला हवं.

आता दुसरी बाजू. हीच चौकट बदलाला आडवीही येते. पाहुण्यांसमोरचा ‘खुला पाठ’ बढतीच्या हिशेबात धरला जातो, म्हणून तो इतका घोटला जातो की कोणता मुलगा कोणतं उत्तर देणार हेही ठरलेलं असावं असं वाटतं. २००१ च्या नव्या अभ्यासक्रमाने मुलांना बोलतं करा म्हटलं, तर कितीतरी ठिकाणी बाकं गोल मांडली गेली आणि सराव तोच राहिला. दोष शिक्षकांना देण्यात अर्थ नाही. मार्गदर्शन करणारा जिल्ह्याचा अधिकारीच अनेकदा जिल्ह्याची चाचणीही काढतो, आणि सगळ्यांच्या डोक्यावर काओखाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशपरीक्षा. अशा माणसाचा सल्ला चाचणीच्या बाजूनेच झुकणार.

अख्खी शाळा बदलायची तर? शांघायने २००७ पासून शहरातल्या नावाजलेल्या शाळांना उपनगरांतल्या दुबळ्या शाळा दोन वर्षांच्या कराराने चालवायला दिल्या. पैसे सरकारचे, माणसं नावाजलेल्या शाळेची. मला यातलं आवडतं ते असं, की चार अनुभवी शिक्षक तिथल्या अभ्यासगटात रोज बसतात, फक्त भेट देऊन जात नाहीत.

पण डोंगरातल्या छोट्या शाळेत, जिथे एकच शिक्षक सगळे विषय शिकवतो, तिथे गट कोणाचा करायचा? २०१० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रशिक्षण योजना मध्य आणि पश्चिम चीनच्या ग्रामीण शिक्षकांवर भर देणारी. आधी तीही शिक्षकांना शहरात बोलावून भाषणं ऐकवण्यावर फार विसंबली. २०१५ नंतर अनुभवी शिक्षकाने गावात जाऊन, तिथल्याच मुलांना घेऊन पाठ दाखवण्यावर जोर दिला गेला. पाहुणा शिक्षक निघून गेल्यावर त्या पाठाचा दुसरा खर्डा मात्र गावच्या शिक्षकाला एकट्यानेच करावा लागतो.