करारावर सही कोणाची, मत कोणाचं?

नमस्कार श्रोतेहो.

पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर. या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला ‘तुमच्याकडे करार झाला का?’, म्हणजे कंपनी आणि युनियनमधला पगाराचा करार, हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारतात, सोयरीक जुळवतानाही विचारतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘किती झाला?’ आकडा कळला की बोलणं संपतं. तो करार मंजूर कोणी केला आणि कसा केला, हे सहसा कोणी विचारत नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे, कारण गेल्या तीस-चाळीस वर्षांत कायम नोकरीचं जे काही आपल्या हातून गेलं, त्यातलं बरंचसं संपात हरून गेलेलं नाही. ते करारात लिहून दिलं गेलं, खाली युनियनची सही झाली आणि गेटवर टाळ्याही पडल्या.

मी मशीनवर काम केलेला माणूस आहे आणि बरीच वर्षं युनियनच्या कमिटीतही होतो. एका करारातलं कलम मला आजही तोंडपाठ आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. ‘उत्पादनाची गरज पाहून व्यवस्थापन योग्य त्या प्रकारचे मनुष्यबळ नेमेल व त्यास युनियनची हरकत राहणार नाही.’ एवढंच वाक्य होतं, तेही पगारवाढ, महागाई भत्ता, कँटीन, बसचा मार्ग, दिवाळीचा बोनस हे सगळं झाल्यावर मागच्या पानावर. द्वारसभेत सरचिटणीसांनी पहिल्या वर्षाची वाढ वाचली, दुसऱ्या वर्षाची वाचली, फरकाची रक्कम कधी हातात पडणार ते सांगितलं. ‘मंजूर आहे का?’ असं विचारताच हात वर गेले, गुलाल उधळला, पेढे वाटले. त्याच वेळी दुसऱ्या पाळीची टेंपररी मुलं राखाडी शर्टात आमच्या बाजूने आत चालली होती. कायम कामगारांचा शर्ट निळा. ते मागच्या पानावरचं वाक्य त्या राखाडी शर्टांबद्दल होतं. त्यांना ते कोणी वाचून दाखवलं नाही आणि हात वर करायलाही सांगितलं नाही. पुढे आमच्यातला एकेक जण निवृत्त होत गेला आणि त्या जागी निळा शर्ट पुन्हा आला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रात युनियनला मान्यता देण्यासाठी 1971 चा कायदा आहे. युनियनमधली माणसं त्याला एमआरटीयू म्हणतात. सहा महिने सलग किमान 30 टक्के कामगार सभासद असतील तर त्या युनियनला मान्यता मागता येते. अशा युनियनच्या घटनेत, म्हणजे तिच्या नियमावलीत, काय हवं हेही कायद्याने सांगितलं आहे. कमिटीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी, ठराव मिनिट बुकात लिहावेत, हिशेब वर्षातून एकदा तपासून घ्यावा. आणखी एक अट आहे, तिच्याकडे नीट लक्ष द्या. मान्यताप्राप्त युनियन असेल तिथे संपाची नोटीस देण्याआधी सभासदांच्या बहुमताचा कौल घ्यावा लागतो. न घेतला तर संप बेकायदा. म्हणजे लढायला निघताना सभासदांचं मत विचारणं सक्तीचं आहे. काय घेऊन परत यायचं आणि काय देऊन यायचं, हे ठरवताना मात्र ते सक्तीचं नाही. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यातही घटनेत काय काय असावं याची यादी होती. सभासद कसा करायचा, वर्गणी किती, पदाधिकारी कसे नेमायचे, कसे काढायचे, पैसा कसा जपायचा. करार कसा मंजूर करायचा, हे त्या यादीत नव्हतं. ते ज्याच्या त्याच्या घटनेवर सोडलेलं होतं आणि बहुतेक घटना त्याबद्दल काहीच बोलत नाहीत.

त्यातच सरकारी तडजोड अधिकाऱ्यासमोर झालेल्या करारांची गोष्ट वेगळी. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली त्याला 12(3) चा करार म्हणत आले. असा करार त्या दिवशी कामावर असणाऱ्या सगळ्यांना बांधतो, मग ते त्या युनियनचे सभासद असोत वा नसोत, आणि नंतर कामाला लागणाऱ्यांनाही बांधतो. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला बसलेल्या मुलाच्या नोकरीचा सौदा असा आधीच होऊन गेलेला असतो.

कोणी म्हणेल, नव्या मुलांना कायद्याचं संरक्षण आहे ना? आहे. आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत, 4-सी नावाचं कलम आहे. बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतलेल्या, किंवा टेंपररी कामगाराने बारा महिन्यांत 240 दिवस भरले तर त्याला कायम करायचं. एमआरटीयू कायद्यानेही, कायमपणाचे फायदे नाकारण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं बदली, कॅज्युअल किंवा टेंपररी ठेवणं ही अनुचित प्रथा ठरवली आहे. मग सात महिने झाले की ब्रेक का मिळतो, हे या पट्ट्यातल्या कोणत्याही पोराला विचारा. 240 दिवस भरू द्यायचेच नाहीत. तो दुसऱ्या कंपनीत जातो, तिथेही सात महिने, मग तिसरी. हे रोखण्याची ताकद ज्या युनियनमध्ये आहे, तिनेच ‘हरकत राहणार नाही’ असं लिहून दिलं, तर कायद्याचं कलम हातात धरून तो एकटा पोरगा औद्योगिक न्यायालयात किती दिवस उभा राहणार?

हा प्रश्न मुंबईने फार मोठी किंमत देऊन पाहिलेला आहे. गिरण्यांना 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यात एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि बोलणी करायची ती तिनेच. मुंबईच्या कापड गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. तिने केलेला करार सगळ्यांवर बंधनकारक, मग कामगारांच्या मनात दुसरं कोणी का असेना. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करणं होतं, आणि हा कायदा रद्द करून आपली युनियन आपल्याला निवडू द्या, हीही मागणी होती. संपाबद्दल आजही घराघरांत मतभेद आहेत आणि माझ्या मते सामंतांनी माघारीची वाट आखून ठेवायला हवी होती. पण ही मागणी चुकीची होती असं मला कधीच वाटलं नाही. जो बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहून ‘आज काम आहे का’ विचारत होता, त्याच्या वतीने सही करणारा माणूस त्याने निवडलेला नव्हता.

आता जरा लांबचं उदाहरण सांगतो, कारण करार मंजूर करण्याच्या नियमावरून सभासदांनी आपल्याच संघटनेशी उघडपणे केलेलं भांडण तिथे टप्प्याटप्प्याने दिसतं. अमेरिकेत टीमस्टर्स नावाची ट्रकचालकांची आणि मालवाहतूक कामगारांची जुनी संघटना आहे. तिचा सगळ्यात मोठा करार यूपीएस या पार्सल कंपनीशी होतो. 2018 च्या करारात चालकांचा एक नवा वर्ग निर्माण केला गेला. ज्या कलमात तो होता त्याच्या क्रमांकावरून सगळे त्यांना ‘22.4’ म्हणायचे. तशीच गाडी, तशीच पार्सलं, पण पगार कमी आणि आठवड्यात शनिवार-रविवार धरलेले. सभासदांनी मतदान केलं. 54 टक्के मतं विरोधात पडली. तरीही नेतृत्वाने करार मंजूर झाल्याचं जाहीर केलं. कसं? घटनेत एक नियम होता. निम्म्याहून कमी सभासदांनी मतदान केलं, तर करार नाकारायला साधं बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश लागतं. मतदान झालं होतं 44 टक्के.

पराभूत झालेले तिथले सभासद घरी बसले नाहीत. त्यांनी नियमालाच हात घातला. संघटनेत लोकशाही यावी म्हणून 1976 पासून काम करणारा टीडीयू नावाचा सभासदांचाच गट होता, त्याने हा विषय लावून धरला. जून 2021 च्या अधिवेशनात दोन तृतीयांशाचा नियम रद्द झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत सभासदांनी नवं नेतृत्व निवडलं. 2023 मध्ये पुढचा करार आला, 22.4 चा वर्ग काढून टाकला गेला आणि त्या चालकांना नेहमीच्या चालकांत घेतलं गेलं. करारावर मतदान झालं तेव्हा 86.3 टक्के मतं बाजूने पडली. यात कंपनीचा नफा, त्या वर्षीचा संपाचा धाक, बाजारात कामगारांची टंचाई हेही होतं, ते मी नाकारत नाही. पण नियम तसाच राहिला असता, तर बोलणी करायला बसणाऱ्याला सभासदांची भीती वाटण्याचं कारणच उरलं नसतं.

आता मी एक सूचना मांडतो. ती कमिटीतल्या माझ्या जुन्या सोबत्यांनाही पसंत नाही, हे आधीच सांगतो. टीमस्टर्सकडे नाकारण्यासाठी दोन तृतीयांश मतं लागायची. आपण ते उलटं करावं. पगारवाढ साध्या बहुमताने मंजूर होऊ द्या. पण जे कलम नोकरीचं स्वरूपच बदलतं, म्हणजे कायम जागा कमी करतं, मुख्य उत्पादनात कंत्राटी माणूस आणतं, नव्या भरतीला वेगळी वेतनश्रेणी लावतं, ते मंजूर करायला दोन तृतीयांश सभासदांचं गुप्त मतदान असावं. कराराचा पूर्ण मसुदा मराठीतून, सगळ्या पानांसह, निदान आठ दिवस आधी प्रत्येक खात्यात लावलेला असावा. हात वर करून मंजुरी नको. समोर सुपरवायझर उभा असतो, शेजारी कमिटी मेंबर असतो, आणि हात खाली ठेवणारा लगेच दिसतो.

यावर मला दोन आक्षेप ऐकू येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, कंपनी पॅकेज देते. तुकडे करून मतदान घेतलं तर ती म्हणेल, मागचं पान नाही तर पुढचंही नाही. एक तृतीयांश लोक बाकीच्यांची पगारवाढ अडवून धरतील. खरं आहे, अडवून धरतील. काही करार लांबतील, काही घरांत दिवाळीला फरक पोहोचणार नाही. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या माणसाला हे सांगणं सोपं नाही, पण मी ते सांगतो. पगारवाढीची मुदत तीन-चार वर्षांनी संपते आणि पुन्हा मागणीपत्र देता येतं. गेलेली कायम जागा मात्र पुढच्या मागणीपत्राने परत आलेली मी फार कमी पाहिली आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. मतदान गुप्त केलं, मसुदा वाचायला दिला, तरी मत देणारे कोण? कायम कामगारच. आणि त्या कलमाची झळ कोणाला? जे अजून सभासदच नाहीत त्यांना. पोट भरलेल्याने उपाशी माणसाच्या ताटावर मत द्यावं तसं हे होतं. मतदानाचा नियम कितीही चांगला केला, तरी यादीत नावच नसेल तर त्या मुलाला त्याचा काय उपयोग? म्हणून टेंपररी आणि फिक्स्ड टर्मवरच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या, मुलांना युनियनचं सभासदत्व खुलं केलं पाहिजे आणि त्यांच्याबद्दलच्या कलमावर त्यांचं मत मोजलं पाहिजे. ‘ती मुलं टिकत नाहीत, वर्गणी कोण भरणार?’ असं म्हणतात. त्यांना टिकू दिलं जात नाही, आणि भांडण त्यावरच तर आहे.

आणि हे आता नुसत्या चांगुलपणापुरतं राहिलेलं नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. कामगार कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागते, ती मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. फिक्स्ड टर्मची नोकरी कायद्यात पक्की बसली, आणि मुदत संपली म्हणून घरी पाठवलेला माणूस कपातीत धरला जात नाही. त्याच संहितेत असंही आहे की, एकापेक्षा जास्त युनियन असतील तिथे एकट्याने बोलणी करण्याचा हक्क हवा असेल तर हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा दाखवावा लागेल. फिक्स्ड टर्मवरची मुलं कंपनीच्याच हजेरीपटावर असतात. ज्या कारखान्यात कायम माणसं दीडशे आणि फिक्स्ड टर्मवर अडीचशे, तिथे फक्त निळ्या शर्टांच्या बळावर 51 टक्के कुठून आणणार? ज्यांना आपण इतकी वर्षं बाहेर ठेवलं, त्यांच्या सहीशिवाय यापुढे बोलणी करायची खुर्चीही मिळेलच असं नाही.

श्रोतेहो, तुमच्यापैकी जे कोणी युनियनचे सभासद आहेत, त्यांनी आपल्या युनियनची घटना मागून घ्यावी. ती छापील पुस्तिका असते, ऑफिसात मिळते, न मिळाल्यास लेखी मागावी. करार मंजूर करण्याबद्दल तिच्यात एक तरी ओळ आहे का आणि सभासद कोणाला होता येतं, ही दोन ठिकाणं पाहावीत. घटना बदलायची पद्धतही त्याच पुस्तिकेत दिलेली असते. सूचना किती दिवस आधी द्यायची, अनुमोदक किती लागतात, ते वाचून ठेवावं आणि पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी द्यावा. मागणीपत्र टाकण्याआधीच द्यावा. एकदा बोलणी सुरू झाली की नियमाबद्दल बोलणाऱ्याला ‘कंपनीचा माणूस’ म्हणतात, हे मी पाहिलेलं आहे.

नमस्कार.