गाडी इथे का थांबली?

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘रेल्वेप्रवासाचं वेड’ असा छापलाय. तो मीच सुचवला होता, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. पण वेड म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता ही बाई वेगाबद्दल बोलणार, खिडकीतल्या वाऱ्याबद्दल बोलणार, धबधब्यांबद्दल बोलणार. वारा मलाही आवडतो. तरी खरं सांगायचं तर मला गाडीचं चालणं जेवढं आवडतं त्याहून तिचं थांबणं जास्त आवडतं. गाडी थांबली की शेजारचा माणूस घड्याळ बघतो आणि मी बाहेर बघते. इथे का थांबली? ‘स्टेशन आलं म्हणून’ हे उत्तर मी वर्गात कुणाकडून घेतलं नसतं. स्टेशन तरी इथेच का आलं? मी जन्मभर भूगोल शिकवला. पाठ्यपुस्तकातला महाराष्ट्र मुलांना शिकवला आणि स्वतः मात्र बराचसा फलाटांवर शिकले.

माझं बालपण मिरजेचं. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. आता मिरजेत गाडी का थांबते, याचं उत्तर साऱ्या देशात फार थोड्या स्टेशनांना देता आलं असतं. 1971 पर्यंत पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांत एक मीटरचं अंतर. मुंबईला जायचं तर पुण्याला उतरायचं, सामान हमालाच्या डोक्यावर द्यायचं आणि ब्रॉडगेजच्या गाडीत बसायचं. 1971 साली हा मार्ग रुंद झाला, महालक्ष्मी एक्सप्रेस सुरू झाली, आणि कोल्हापूरचा माणूस रात्री झोपून सकाळी थेट मुंबईत उतरू लागला. पण बेळगावकडचे रूळ मीटरगेजच राहिले. आणि पंढरपूरकडे जाणारी गाडी तर त्याहून अरुंद, अडीच फुटी. एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ! पाहुण्यांना शहर दाखवायचं म्हणजे दर्गा आणि सतारी करणाऱ्यांची दुकानं दाखवायची, अशी आमच्याकडे रीत. वडील पाहुण्यांना पुलावर नेऊन रूळ दाखवायचे. पाहुणे चुळबुळ करायचे. आई म्हणायची, अहो, त्यांना आधी चहा तरी घेऊ द्या.

पण या तीन मापांचा अर्थ मालधक्क्यावर कळायचा. गुळाच्या ढेपा, हळदीची पोती या डब्यातून उतरवायची आणि दहा पावलांवरच्या दुसऱ्या डब्यात चढवायची. डबा पुढे जाऊच शकत नाही, चाकांचं माप वेगळं. किती माणसांची पाठ या कामी लागली असेल! हमालांच्या मुकादमाला वडील ‘दादा’ म्हणायचे आणि त्याच्याशी कधी आवाज चढवून बोलायचे नाहीत, कारण दादांची माणसं बसली की तीन दिशांचा माल बसला. पुढे मोठेपणी मी अर्थशास्त्रातलं ‘वाहतूक खर्च’ हे प्रकरण वाचलं तेव्हा मला त्या पोत्यांचा वास आला.

आता ती अडीच फुटी गाडी. तिचं नाव बार्शी लाईट. या गाडीबद्दल सगळे एकच गोष्ट सांगतात: चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातल्या शेंगा उपटायच्या आणि पुन्हा त्याच डब्यात चढायचं. मी माझ्या आजीबरोबर कुर्डुवाडीहून पंढरपूरला तीच गाडी धरून जायची. शेंगा उपटायला कुणी उतरलेलं मी काही पाहिलं नाही. हळू होती, हे खरं. पण तिची चेष्टा करणाऱ्यांना मी नेहमी एक नाव सांगते: एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

बार्शी ही मोठी बाजारपेठ, आणि मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मुख्य मार्ग तिला एकवीस मैल लांब ठेवून गेलेला. त्या मार्गावरचं जवळचं स्टेशन म्हणजे बार्शी रोड, आपलं आजचं कुर्डुवाडी. या इंग्रज इंजिनिअराने विचार केला की मधल्या पट्ट्यात मोठी रेल्वे घालायला पैसा कोण देणार? मग रूळच हलके घालायचे. पण हलक्या रुळावर जड डबा चालत नाही. म्हणून त्याने हिशेब उलटा मांडला. इंजिन असो की डबा, कुठल्याही एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, असा त्याचा नियम. वजन जास्त आसांवर वाटलं की बारीक रूळही मोठा माल वाहून नेतात. 1897 साली गाडी सुरू झाली, 1906 मध्ये पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये आमच्या मिरजेला. तीनशे किलोमीटरच्या वर. जगभरचे छोट्या रेल्वेचे अभ्यासक बार्शीचं नाव आदराने घेतात, आणि आपण शेंगांची गोष्ट सांगतो. (या गृहस्थांनी नंतर विमानातून उडी मारण्यासाठी एक हवाई छत्रीही तयार केली आणि ते अरबी घोडे पाळायचे. असा माणूस कुर्डुवाडीच्या उन्हात उभा राहून आसांचे भार मोजत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.)

म्हणजे कुर्डुवाडीला आम्ही तासन् तास का थांबायचो? तर एका पेठेला मोठी गाडी परवडली नाही म्हणून. आषाढीला त्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसायची. बायका पथारी पसरून बसायच्या, दशम्या सुटायच्या, कुणीतरी अभंग धरायचं आणि पलीकडच्या घोळक्यातून त्याला झील मिळायची. मोठ्या गाडीतून उतरलेला सोलापूरचा गिरणी कामगार आणि छोट्या गाडीची वाट बघणारी आमची आजी, दोघांची गाठ पडायला दुसरी जागा नव्हती. आजीला घरी कुणाच्या हातचं पाणी चालायचं नाही. कुर्डुवाडीला मात्र चालायचं. विचारलं तर म्हणायची, वारीत कसला विटाळ. आता ती गाडीत होती, वारीत नव्हती, पण आजीशी वाद कोण घालणार?

बार्शी लाईट गेली. हळहळणारे पुष्कळ आहेत, थोडी मीही हळहळते. टप्प्याटप्प्याने तिचे रूळ उचलून ब्रॉडगेज घातलं. मिरज-पंढरपूरचा तुकडा अगदी शेवटी, 2010 च्या आसपास झाला. मग आला 2016 चा उन्हाळा. लातूरचं पाणी संपलं. ते कुठून न्यायचं, तर मिरजेहून, कृष्णेचं, रेल्वेने. एप्रिलमध्ये पहिली गाडी गेली. दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या गेल्या. मार्ग कुठला? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. तोच, कॅलथ्रॉपचा! आता मनात एक हिशेब करा. ते रूळ अजून अडीच फुटीच असते, तर देशातल्या मोठ्या टाक्या मिरजेत येऊन उभ्या राहिल्या असत्या आणि पुढे गेल्या नसत्या. पोती पाठीवरून उतरवता येतात, पाणी कसं उतरवणार? तेव्हापासून मी गेज बदलल्याबद्दल हळहळते ती जरा हळू आवाजात.

आता घाटाकडे जाऊ. मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी कर्जतला थांबते, हे तुम्हा सर्वांना माहीत आहे, आणि का थांबते हेही. वड्यासाठी! हसू नका, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं हेच उत्तर असायचं. दिवाडकरांचा वडा खाल्ला नाही तर घाट चढत नाही अशी आपली समजूत आहे. खरं कारण एकास सदतीस. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पायी माणसाला हा चढ जाणवणारही नाही, पण लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक, त्याला पकड ती किती? म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लावायची. ती बँकर. बँकर जोडायला काही मिनिटं लागतात, आणि त्या मिनिटांवर कर्जतच्या वड्याची सारी पुण्याई उभी आहे. लोणावळ्याला बँकर सुटतात, तिथे चिक्की. आमच्या भूगोलात याला प्रादेशिक विकास म्हणतात.

या घाटाचा इतिहास मी मुलांना नेहमी एका प्रश्नाने सांगायची. 1856 साली गाडी मुंबईहून खोपोलीपर्यंत आली होती. 1858 साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मग मधे काय? मधे सह्याद्री. 1863 पर्यंत माणसं खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावर नाहीतर पायी घाट चढत आणि वर पुन्हा गाडीत बसत. आमच्या मिरजेच्या हमालांचं थोरलं भावंडच म्हणा हे. घाटाचं काम घेतलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये आला आणि काही आठवड्यांतच वारला. काम त्याच्या बायकोने, ॲलिसने, अंगावर घेऊन पुरं करवलं. तिचं नाव पुस्तकांतून अधूनमधून येतं. पटकीने आणि अपघातांनी जे हजारो मजूर गेले त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही, आणि मी शोधलेलं आहे.

सुरुवातीला गाडीला घाटात आणखी एकदा थांबावं लागे. खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या टोकाशी रूळ संपायचे. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेने उरलेला चढ चढायचा. विजेची इंजिनं आली त्या सुमारास नवे बोगदे काढून हा प्रकार बंद केला. मग 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन धावू लागली. त्या काळातली मालगाडीची विजेची इंजिनं काही तुम्ही पाहिली असतील. लांब नाकाची, चाकांच्या बाजूला दांडे हलणारी. रेल्वेतली माणसं त्यांना ‘खेकडा’ म्हणत.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे डोंगरात राहणाऱ्याला सांगायला नको. घाट उतरताना मधेच, जिथे गाव नाही, फलाट नाही, तिथे गाडी थांबते. खिडकीतून नीट बघा. बाजूला एक रूळ फुटून डोंगराच्या अंगावर चढत गेलेला आणि तिथेच संपलेला दिसेल. ब्रेक निकामी झालेली गाडी त्यावर चढून आपोआप थांबावी, यासाठी तो आहे. यातली गंमत अशी, की सांधा, म्हणजे गाडीला या रुळावरून त्या रुळावर वळवणारी जोडणी, मुळातच त्या आडमार्गाकडे वळवलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवलं, की मगच तो मुख्य मार्गाकडे फिरतो. आधी थांबून दाखव, मग पुढे जा. मला स्वतःला ही माणसाने केलेल्या शहाण्या गोष्टींपैकी एक वाटते.

कोकणातलं थांबणं निराळं. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे सगळी खुली झाली. बोगद्यांचं आणि पुलांचं कौतुक आपण सगळेच करतो. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंच पूल. पण बहुतेक मार्ग एकेरी आहे, म्हणून समोरून येणाऱ्या गाडीसाठी बाजूला उभं राहायचं. ‘क्रॉसिंग आहे’ हे दोन शब्द कोकणात लहान मूलही बोलतं. पावसाळ्यात वेळापत्रकच बदलतं, गाड्या हळू धावतात, आणि रात्री कंदील-विजेऱ्या घेऊन माणसं रुळांवरून गस्त घालतात, दरड आलीय का बघत. गाडी अंधारात उभी असते तेव्हा डब्यात कुरकुर सुरू होते. अशा वेळी मी खिडकीशी बसून गस्तवाल्याची विजेरी शोधते. बहुधा दिसत नाही.

कोकण म्हटलं की मधू दंडवते आठवतात. राजापूरचे खासदार, या रेल्वेसाठी झटलेले. पण माझ्यावर त्यांचे वेगळेच उपकार आहेत. 1977 साली ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी दोन इंच फोम घातला. आज हसू येईल. मिरज ते मुंबई रात्रभर लाकडी फळीवर ज्याने काढली आहे तो हसणार नाही. गरिबाच्या पाठीचा विचार करणारं असं साधं धोरण मला पुन्हा सहसा दिसलेलं नाही.

2023 च्या फेब्रुवारीत मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. या गाडीला बँकर लागत नाही. तिचे स्वतःचेच अनेक डबे जोर लावतात, वजन नि ताकद गाडीभर वाटलेली. कॅलथ्रॉपला आवडली असती. मी बसले तिच्यात. खुर्ची उत्तम, वेळेवर सुटली, आणि कर्जत खिडकीतून सरकून गेलं. फलाटावर वडेवाला पाटी घेऊन पाठमोरा उभा होता. ही गाडी आपली नाही, हे त्याला कळलेलं. सोलापुरातून मुंबईच्या इस्पितळात जाणाऱ्याला वाचलेला तास म्हणजे काय, हे मला समजतं. त्याला मी थांब्यांचं कौतुक ऐकवणार नाही.

माझं भांडण आहे ते पॅसेंजर गाड्यांसाठी. 2020 च्या टाळेबंदीत त्या बंद पडल्या. पुढे पुष्कळशा सुरू झाल्या, पण काही ‘एक्सप्रेस’ नाव लावून, आणि कित्येक बारीक थांबे गाळून. वेगवान गाडीने कर्जत गाळलं ते तिला घाट चढता येतो म्हणून. या गाड्यांनी गाळलेल्या हॉल्टवर मात्र भाजीची पाटी घेऊन चढणारी बाई अजून आहे, कॉलेजात जाणारी मुलगी आहे. तिथे गाडी थांबायचं कारण संपलेलं नाही. माझी तुम्हाला विनंती आहे की तुमच्या गावचा असा एखादा थांबा गेला असेल तर प्रवासी संघटनेच्या अर्जावर सही करा. नुसतं हळहळू नका.

आणि ज्यांना माझ्यासारखं हिंडायचंय त्यांच्यासाठी: मिरजेहून कुर्डुवाडी, तिथून लातूर, दिवसाच्या उजेडात, साध्या डब्यातून. पाण्याची बाटली भरून घ्या, दशमी-चटणी बांधून घ्या. गाडी कुठे आडरानात थांबली तर मोबाइल ठेवा खाली आणि समोरच्या माणसाला विचारा, इथे का थांबली हो? तो नक्की काहीतरी सांगेल. चूक सांगितलं तरी चालेल.

मागून चिठ्ठी आलीय, कुणाला तरी शकुंतलेबद्दल, म्हणजे विदर्भातल्या त्या अरुंद रुळांच्या गाडीबद्दल, विचारायचंय. यवतमाळचे आहात का? पुढे या, माईक घ्या.