ब्लाउजची पट्टी वर चढते तेव्हा

(दृश्य : वडोदरा, दांडिया बाजार. जुन्या घराची माडी. शिवणयंत्र चालू. खुंट्यांवर अर्ध्या शिवलेल्या चणियाचोळ्या.)

नवरात्र तोंडावर आलं की या शहरात शिंप्यांचा भाव वधारतो. या माडीवरच्या काकू भल्या पहाटे मशीनवर बसतात. गिऱ्हाइकं निम्मी मराठी, निम्मी गुजराती, आणि काकूंचं बोलणंही तसंच, अर्धं अर्धं.

यंदा एका चोळीनं त्यांचा पिच्छा पुरवला. गळा बसला, बाही बसली, पण खालची पट्टी काही जागेवर राहीना. छातीखाली, बरगडीवर टेकायची ती पट्टी हात वर केला की सरकून थेट स्तनावर चढायची. टक्सचं, म्हणजे उभार देणाऱ्या चुणीचं, टोकही चुकत होतं, स्तनाग्र त्याच्या बरंच वर येत होतं.

"अगं, घट्ट होतेय का? काखेत थोडं उसवून देते."

"घट्ट नाही हो काकू. पट्टीच वर येते. आता सगळ्याच ब्लाउजचं असं होतंय."

काकूंनी टेप गळ्यात अडकवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "काही ऑपरेशन केलंयस का?"

केलं होतं. मांजलपूरला राहणारी, दोन मुलांची आई. तिचं नाव आपण घेणार नाही, चेहराही दाखवणार नाही. दोन्ही स्तनांत सिलिकॉनचे इम्प्लांट, म्हणजे आकार वाढवणाऱ्या जेलभरल्या पिशव्या, गेल्या हिवाळ्यात बसवलेले. का बसवले, हे आम्ही विचारलं नाही. हौस होती, एवढं कारण पुरे.

(दृश्य : कागदावर पेन्सिलनं काढलेली छातीची बाजूची आकृती. स्तनाखालची घडी लाल रेघेनं.)

ही लाल रेघ म्हणजे स्तनाखालची घडी. ब्लाउजची पट्टी हिच्याच खाली टेकते. इथं त्वचा आतल्या पडद्याला घट्ट धाग्यांनी धरलेली असते आणि स्तनाचा सगळा भार इथं अडतो. इम्प्लांटसाठी सर्जन आत कप्पा करतो, कधी छातीच्या स्नायूच्या वर, कधी खाली. इम्प्लांट रुंद असेल तर घडी थोडी खाली न्यावी लागते, म्हणजे ते धागे सोडवावे लागतात. ते गरजेपेक्षा जास्त सुटले, किंवा सुटल्यावर घडी नव्या जागी पक्की शिवली नाही, तर पिशवीच्या तळाची शिवण उसवल्यासारखं होतं. माल, म्हणजे इम्प्लांट, खाली जातो, आणि पट्टी स्तनावर चढल्यासारखी दिसते.

आणि माल हलका नसतो. सिलिकॉन जेल वजनाला जवळपास पाण्याइतकंच. म्हणजे साडेतीनशे सीसीचा (मिलिलिटरचा) एक इम्प्लांट धरून चाला साडेतीनशे ग्रॅम, रात्रंदिवस, एकाच जागी लटकलेला. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसी यांना सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट बसवले. तेव्हापासून जेल बदललं, कवच बदललं, आकार बदलले. हलके इम्प्लांट काढायचे प्रयत्नही झाले, पण नेहमीच्या इम्प्लांटचं वजन अजून तेवढंच आहे. त्यामुळे पातळ त्वचेवर मोठा इम्प्लांट मागणाऱ्या बाईला 'नाही' म्हणणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता इथं एक घोळ होतो. इम्प्लांट थोडा खाली येणं हे अपेक्षितच असतं. शस्त्रक्रियेनंतर सूज असते, स्नायू आवळलेला असतो, त्यामुळे इम्प्लांट आधी उंच, गळ्याकडे चढल्यासारखा दिसतो. मग सहा आठवडे, तीन महिने, कुणाला सहा महिने, असा तो हळूहळू उतरतो आणि घडीवर येऊन थांबतो. थांबला तर ठीक. तो घडी ओलांडून पुढे चालू लागला, तर त्याला सर्जन 'बॉटमिंग आउट' म्हणतात.

मांजलपूरच्या ताईंनी सर्जनला फोटो पाठवले, तेव्हा फोनवर उत्तर यायचं, "थांबा, बसेल." पहिल्या दोन महिन्यांत ते उत्तर बरोबर होतं. सातव्या महिन्यातही तेच उत्तर यावं, हे काही बरोबर नव्हे.

(दृश्य : कपाटाचा आरसा. फक्त हात आणि शिवणाची टेप.)

आरशासमोर सरळ उभं राहायचं, हात बाजूला सोडून. पहिली नजर व्रणाकडे. घडीतून छेद घेतला असेल तर व्रण घडीतच लपलेला हवा. तो वर येऊन स्तनाच्या खालच्या गोलाईवर उघडा दिसत असेल, तर व्रण चढलेला नाही, इम्प्लांट त्याच्या खाली उतरला आहे. मग स्तनाग्र. ते वरच्या बाजूला वळलेलं दिसतं, साध्या ब्राच्या कडेतून डोकावायला लागतं. वरचा भाग रिकामा, सपाट. खालचा भाग ताणलेला, आणि तिथली त्वचा इतकी पातळ की बोटाला इम्प्लांटची कड लागते. संध्याकाळपर्यंत ओढ लागते, दुखतं. बऱ्याचदा एकच बाजू उतरते, म्हणून दोन्हींची तुलना करायची.

टेप घ्या. स्तनाग्रापासून घडीपर्यंतचं अंतर, त्वचा पूर्ण ताणून. तीनशे सीसीच्या इम्प्लांटसाठी शस्त्रक्रियेचा आराखडा करताना हे अंतर साधारण आठ सेंटीमीटर धरतात. तुमचं त्या वेळचं माप सर्जनच्या कागदांत असतं, ते मागून घ्या. महिन्यामहिन्यानं अंतर वाढत असेल तर आणखी थांबण्यात अर्थ नाही.

कधी खालच्या बाजूला एक आडवी रेघ उमटते, एका स्तनाखाली दुसरा असल्यासारखी. जुनी घडी पुरती सुटलेली नसते आणि इम्प्लांट तिच्याखाली घसरलेला असतो. तो याच घराण्यातला त्रास, उपचार थोडा निराळा.

लवकर लक्षात आलं तर घडीखाली घट्ट पट्ट्याची ब्रा किंवा चिकटपट्टीचा आधार, आणि खालच्या दिशेचा मसाज बंद, एवढ्यावर कधी कधी भागतं. एकदा पूर्ण उतरला की कुठलं मलम, कुठलंही आसन त्याला वर नेत नाही. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर पुशअप्सनी उलट तो आणखी खाली आणि बाहेर ढकलला जातो.

(दृश्य : शस्त्रक्रियागृहाचा दरवाजा. आत फक्त दिव्याचा गोल.)

दुरुस्ती साधारण जुन्याच व्रणातून होते. इम्प्लांटभोवती शरीरानं स्वतःच एक पातळ, चिवट कवच विणलेलं असतं. त्याचा खालचा भाग सर्जन छातीच्या भिंतीला शिवून टाकतो, न विरघळणाऱ्या टाक्यांनी, आणि घडी पुन्हा तिच्या जागी उभी करतो. पण खाली बंद करून भागत नाही, वरचं कवच मोकळंही करावं लागतं. नाहीतर इम्प्लांटला वर जागाच नसते आणि तो नव्या टाक्यांवर रेटत राहतो. मग बेशुद्ध रुग्णाला टेबलासकट बसतं करतात आणि सर्जन पायाशी जाऊन दोन्ही बाजू न्याहाळतो. आडव्या माणसावर उंची कळत नाही. एखादा टाका उसवून पुन्हा घालावा लागतो.

त्वचा फारच पातळ असेल तर आतून विरघळणारी जाळी किंवा प्रक्रिया केलेल्या त्वचेचा थर लावतात. कधी इम्प्लांट स्नायूच्या वरून खालच्या कप्प्यात हलवतात. आणि बहुतेकदा आकार लहान करावा लागतो. ताईंना हेच पचायला जड गेलं. तोच जड इम्प्लांट त्याच थकलेल्या त्वचेत परत घातला, तर तो पुन्हा उतरण्याची भीती जास्त. लहान करूनही हमी कोणी देऊ नये.

खर्चाचं म्हणाल तर भारतातल्या आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्याला अपवाद. म्हणून दुसरं मत घेताना डॉक्टरची पदवी बघा, प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (आता डीआर.एन.बी.). आणि विचारा, "अशा दुरुस्त्या तुम्ही करता का?" हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

(दृश्य : रात्रीचं गरब्याचं मैदान, दुरून. फिरती वर्तुळं.)

ताईंची दुरुस्ती दिवाळीनंतर ठरली आहे. त्यानंतर निदान सहा आठवडे रात्रंदिवस आधाराची ब्रा, झोप पाठीवर, हातानं जड उचलायचं नाही, धावणं-उड्या सर्जननं परवानगी देईपर्यंत बंद. यंदाचा गरबा त्यांनी खुर्चीत बसून पाहिला. काकूंनी चोळीची पट्टी काढून खाली चार बोटं झालर लावून दिली होती.

ताप, लाली, व्रणातून पाणी येणं, किंवा त्वचेखाली इम्प्लांट दिसू लागणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. काही वर्षांनंतर एकच स्तन अचानक सुजला तरी दाखवायचंच. इम्प्लांटभोवती पाणी साठतं तेव्हा ते तपासून एका दुर्मीळ कर्करोगाची, लिंफोमाची, शंका दूर करावी लागते. काही तक्रार नसली तरी सिलिकॉनच्या इम्प्लांटची सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी पहिल्यांदा आणि मग दोन-तीन वर्षांनी करावी, असं अमेरिकेचं औषध प्रशासन २०२० पासून सांगतं. इम्प्लांटसोबत मिळालेलं कार्ड जपून ठेवायचं, त्यावर कंपनी, आकार आणि क्रमांक असतो. मॅमोग्राफीला गेल्यावर इम्प्लांट असल्याचं आधीच सांगायचं, म्हणजे तो मागे सारून जास्तीचे फोटो घेतले जातात.