न वाळलेला थेंब

(दृश्य : नेल स्टुडिओतलं टेबल. ब्रश, काचेची छोटी वाटी, पांढरी पावडर.)

ब्रश आधी वाटीतल्या द्रवात बुडतो, मग पावडरीला टेकतो. टोकाशी ओलसर मणी तयार होतो. तो नखावर ठेवायचा, पसरवायचा, आणि काही मिनिटांत टणक नख तयार. हे अ‍ॅक्रिलिक. दारातून आत येताच नाकात शिरतो तो उग्र वास त्या वाटीतल्या द्रवाचा, म्हणजे बहुतेक वेळा एथिल मेथाक्रिलेटचा. अशा नखांची, आणि जेल पॉलिशचीही, काहींना अ‍ॅलर्जी होते. ती कशी, ते बघू.

पावडरीत रेणूंच्या तयार साखळ्या असतात, सोबत थोडं बेन्झॉईल पेरॉक्साइड. द्रवातले रेणू मात्र सुटे असतात, त्यांना मोनोमर म्हणतात. पेरॉक्साइडमुळे हे सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि मणी घट्ट होतो. दातांच्या कवळ्याही याच घराण्यातल्या प्लॅस्टिकच्या. पहिलं अ‍ॅक्रिलिक नख १९५०च्या दशकात एका अमेरिकन दंतवैद्याने आपल्या तुटलेल्या नखावर बसवलं, असं या धंद्यात सांगतात.

(दृश्य : जेल पॉलिश, लॅम्पखाली हात.)

जेलमध्ये पावडर नसते, इथे काम उजेड करतो. बाटलीत हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट, म्हणजेच ‘हेमा’, हा मोनोमर असू शकतो. जोडीला उजेड पडताच रेणूंना जोडायला लावणारं एक रसायन असतं. लॅम्प लागला की जेल कडक होतं.

अ‍ॅलर्जीची सगळी गोष्ट या ‘कडक होण्या’त आहे. साखळीत नीट अडकलेला रेणू सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. सुटा राहिलेला जातो. हेमाचा रेणू लहानसा, रेणुभार फक्त १३०. साधारण ५००च्या आतले रेणू त्वचेतून आत शिरू शकतात, असा त्वचारोगतज्ज्ञांचा ढोबळ अंदाज असतो. त्या हिशेबाने हेमाला दार सताड उघडं.

आत शिरल्यावर लगेच काही होत नाही, आणि इथेच माणूस फसतो. शरीराची राखण करणाऱ्या टी पेशी त्या रेणूला ओळखून ठेवतात. कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी पुढचा एखादा स्पर्श होतो आणि एक-दोन दिवसांत खाज, लाली, पुरळ. ‘इतकी वर्षं लावतेय, मला कधी काही झालं नाही’ या म्हणण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. एकदा ओळख पटली की ती साधारणपणे जन्मभर राहते.

(दृश्य : बोटाचं टोक, अगदी जवळून.)

नखाभोवतीची कातडी कोरडी पडते, सोलवटते. बोटाच्या टोकाला बारीक चिरा जातात, लिंबू पिळताना त्या झोंबतात. कधी नख खालच्या मांसापासून सुटू लागतं. पण पापण्या सुजतात तेव्हा नखांवर कुणाचाच संशय जात नाही. दिवसभरात बोटं डोळ्यांना, मानेला, गालाला कितीदा लागतात, मोजून बघा. मग काजळ बदललं जातं, क्रीम बदललं जातं, डोळ्यांत थेंब घातले जातात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

(दृश्य : मास्क लावून नख घासणारी मुलगी. धूळ.)

ग्राहक दोन-तीन आठवड्यांनी येते. टेबलापलीकडे बसलेली मुलगी मात्र दिवसभर याच द्रवात आणि याच धुळीत असते. पातळ हातमोज्यांमधून हे मोनोमर काही मिनिटांत पार होतात. लॅटेक्सपेक्षा नायट्राइल बरं, पण तेही वेळोवेळी बदलावंच लागतं. त्वचेला जेल लागलं तर ते लॅम्पखाली धरण्याआधीच पुसायचं, एवढी एक सवय खूप काही वाचवते. गर्दीच्या दिवशी ती पाळायला वेळ असतो का, हे स्टुडिओच्या मालकांना विचारा.

घरगुती किटचं दुखणं निराळं. जेल एका कंपनीचं, लॅम्प दुसरीचा, थर जाडजूड. वरून चकचकीत, आत अर्धवट ओलं. क्युटिकलवर, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर, ओघळलेलं तर तसंच राहतं.

युरोपीय संघाने २०२१पासून हेमा असलेली नवी नेल उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरापुरती ठेवली, तीही अ‍ॅलर्जीचा इशारा छापून. १ सप्टेंबर २०२५पासून तिथे ‘टीपीओ’ या उजेडाने काम करणाऱ्या रसायनावर बंदी आली. समाजमाध्यमांवर या दोन गोष्टींची खिचडी झालेली दिसते. टीपीओच्या बंदीमागचं कारण अ‍ॅलर्जी नाही, तर प्राण्यांवरच्या चाचण्यांत प्रजननक्षमतेवर दिसलेला परिणाम. आणि बाटलीवर ‘हेमा-फ्री’ लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. त्यात हेमाचं एखादं भावंड असू शकतं, आणि हेमाची अ‍ॅलर्जी असलेल्या त्वचेला ते भावंडही चालेलच असं नाही.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन नियम, २०२०नुसार वेष्टनावर घटकांची यादी हवी. यादीच नसलेली, सुट्या बाटलीत ओतलेली स्वस्त ‘लिक्विड’ मात्र हातात घेऊ नये. त्यात मिथिल मेथाक्रिलेट असू शकतं. दुखापतींच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १९७०च्या दशकातच त्यावर कारवाई केली होती. त्याचं नख इतकं कठीण होतं की कुठे अडकलं तर कृत्रिम नख टिकतं आणि खरं उचकटून निघतं.

(दृश्य : पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या.)

शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी काढतात, पुढे दोनेक दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही. मुंबईच्या घामात हे जमवायचं तर थंडीतली तारीख घ्यावी.

चाचणीत हेमा निघालं, तर तो कागद जपून ठेवा. दातात सिमेंट भरण्याआधी दंतवैद्याला दाखवा. गुडघा बदलायचा झाला तर शल्यविशारदाला दाखवा, कारण हाडांच्या सिमेंटमध्येही मेथाक्रिलेट असतं. मधुमेहींनी दंडावर ग्लुकोज सेन्सर चिकटवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. काही सेन्सरच्या गोंदात याच घराण्यातली अ‍ॅक्रिलेट सापडली आहेत.